काळं पातं की उघडं पातं?



मागचे दोन लेख चौक्याच्या तयारीवर आणि वाळवणांवर झाले. आज सुरीवर लिहिते. विषय वाचून काही जणींच्या भुवया वर जातील, पण शेवटपर्यंत वाचा. ही सुरी भाजी चिरायची नाही, नातवाला ट्रेकला न्यायची आहे. घडी न होणारी, पातं मुठीत कायमचं बसवलेलं. दुकानात तिचे दोन प्रकार मिळतात. एकाच्या पात्यावर काळा थर चढवलेला असतो, दुसऱ्याचं पातं उघडं, नुसत्या पोलादाचं. किंमत, धार, गंज हे सगळं बघायचंच. पण आपल्या घरात त्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, की असली वस्तू घ्यावीच का? आमच्याकडे त्यावर पंधरा दिवस चर्चा चालली. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, जैनाच्या घरात सुरा?"

नातू एकोणीस वर्षांचा. पुण्यात होस्टेलवर राहतो. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड हा ट्रेक असतो ना, १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले ती वाट, तिथे तो कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेली दोन वर्षं जातो आहे. (चातुर्मास लागायच्या तोंडावर ओले डोंगर तुडवत फिरावं का, याबद्दल माझं मत त्याला माहीत आहे. ते मी दरवर्षी सांगते आणि तो दरवर्षी ऐकून घेतो.) मे महिन्यात घरी आला तेव्हा म्हणाला, "आजी, मला एक सुरी घ्यायची आहे. बाबा नको म्हणतात, आई तर विषयच काढू देत नाही. तू सांग, काळी घेऊ की साधी?"

मी त्याला आधी विचारलं, की तुला सुरी लागते कशाला? तो जे म्हणाला ते ऐकून मी जरा सावरून बसले. मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्या ग्रुपची मिळून एकच सुरी असते. तिनेच कांदा चिरतात, बटाटा चिरतात, कोणी अंडी आणली की त्यालाही तीच, आणि एकदा तर कोंबडी आणली होती. मग तीच सुरी बादलीतल्या पाण्यात बुचकळून याच्या हातात देतात, काकडी चिरायला. पहिल्या वर्षी याने दोन दिवस काकडी, आंबा सगळं दातांनीच खाल्लं. दुसऱ्या वर्षी घरातली छोटी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली, ती सॅकमधून आरपार निघाली आणि मित्राच्या हाताला लागली. म्हणून त्याला म्यान असलेली, स्वतःची वेगळी सुरी हवी होती.

आता सांगा, याला नाही कसं म्हणायचं? बाहेरगावी राहणारं पोर कांदा-लसणाच्या सुरीला शिवायचं नाही म्हणून धडपडतं आहे, आणि आपण त्याला म्हणायचं की हत्यार नको. तसं म्हटलं असतं तर त्याने वाद घातला नसता. पुढच्या वेळी विचारलंही नसतं. मला त्या न विचारण्याची जास्त भीती वाटते.

तरीही नणंदबाईंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आपण पाठशाळेत पाठ केलेत ते : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति आणि प्रमादचर्या. त्यातलं हिंसादान म्हणजे कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, आयुधं अशी जीवाच्या घाताला कारण होणारी साधनं दुसऱ्याला देणं. माझ्या सासूबाई हे अक्षरशः पाळायच्या. शेजारची कोणी विळी मागायला आली तर विळी द्यायच्या नाहीत. "भाजी इकडे आण, मीच चिरून देते," म्हणायच्या, आणि खरंच चिरून द्यायच्या. मळ्यातल्या गड्याने कोयता उसना मागितला तरी नाही. गावात त्यांना थोडं हसायचे लोक. पण त्यांच्या हातची भाजी चिरून नेलेल्या बायका आज सत्तरीच्या आहेत आणि अजून ती आठवण काढतात.

शब्दांच्या बाबतीतही त्या तशाच होत्या. "भाजी काप" म्हटलेलं त्यांना चालत नसे, "चीर" म्हणायचं. आपल्या गुजराती जैन मैत्रिणी शाक "समारवुं" म्हणतात, त्यातही हाच भाव आहे. यशोधर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पिठाचाच कोंबडा, पण कापताना मनात जे आलं त्याचं फळ जन्मोजन्मी भोगावं लागलं. हातात पातं घेताना मनात काय आहे, याकडे आपली परंपरा फार बारकाईने बघते.

म्हणून मी नणंदबाईंना सांगितलं, की हिंसा चार प्रकारची : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाने संकल्पी पूर्ण सोडायची. स्वयंपाकपाण्यातली आरंभी हिंसा गृहस्थाला सुटत नाही, ती यत्नाने कमी करायची. काकडी चिरायची सुरी घरात चालते, तर डोंगरावर काकडी चिरायची सुरी वेगळी कशी? त्या म्हणाल्या, "काम तेच, पण दिसतं कसं ते बघ. त्या काळ्या सुऱ्या सिनेमातल्या गुंडांच्या हातात असतात." हे मात्र मला पटलं. आणि तिथूनच मी काळं आणि उघडं यात मन घालायला लागले.

आधी काळ्या थराची बाजू नीट मांडते, कारण नातवाने ती माझ्यासमोर वकिलासारखी मांडली होती. थर देण्याचं मुख्य कारण गंज. पोलादात कार्बन जास्त असला की धार छान लागते आणि ती लावायलाही सोपी जाते, पण ते पोलाद ओल धरलं की लगेच तांबूस होतं. नातू १०९५ नावाच्या एका पोलादाचं फार कौतुक करत होता. त्यात सुमारे १ टक्का कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसतंच. आपली जुनी लोखंडी विळी आठवा, तोच स्वभाव. स्टेनलेस म्हणायला पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. हवा लागली की त्या क्रोमियमचा अगदी पातळ, डोळ्याला न दिसणारा पापुद्रा पात्यावर आपोआप तयार होतो आणि तोच गंजाला अडवतो. ओरखडा पडला तरी तो पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणजे स्टेनलेसला निसर्गाने आतूनच थर दिला आहे म्हणा ना. ज्याच्यात क्रोमियम नाही त्याला बाहेरून द्यावा लागतो.

बाहेरचे थरही सगळे सारखे नसतात. एक असतो रंगासारखा, भट्टीत भाजून पक्का केलेला, हाताला जाडसर आणि खरखरीत लागतो. स्वस्त काळ्या सुऱ्यांवर बहुतेक हाच. दुसरा रसायनात बुडवून पोलादाच्याच पृष्ठभागाला काळं करतात तो. हा अगदी पातळ असतो आणि तेल लावलं नाही तर गंजापासून फारसं राखत नाही. तिसरे महागडे, टायटॅनियमचे वगैरे, कठीण आणि टिकाऊ. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात आलेल्या त्या पोपटी, गुलाबी, जांभळ्या सुऱ्या, त्यांच्यावर न चिकटणाऱ्या तव्यासारखा थर असतो. त्याचा फायदा एवढाच, की काकडीच्या चकत्या पात्याला चिकटून वर चढत नाहीत. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही.

आणि काळा रंगच का? तर पातं उन्हात चमकू नये म्हणून. सैनिकाला ते लागतं, त्याला लपायचं असतं. मी नातवाला विचारलं, "तुला पन्हाळ्यावर कोणापासून लपायचं आहे?" तो हसला. पण या प्रश्नाने अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं आमच्या माळ्यावरच्या एका खुरप्याने केलं. बाजारातून नवं खुरपं आणलं की त्याला काळा रंग फासलेला असतो, बघितला असेल तुम्ही. मळ्यात दोन महिने वापरलं की धारेजवळचा रंग जातो. तो जाणारच, कारण धार लावायची म्हणजे तिथलं पोलाद घासून काढायचं, मग रंग राहील कुठे? ही गोष्ट कितीही महाग सुरी घेतली तरी बदलत नाही. थर पात्याच्या अंगावर असतो, धारेवर नसतो. म्हणजे जिथे गंज सगळ्यात जास्त नडतो तिथेच संरक्षण नाही. त्या खुरप्यावर मी नखाने रंग खरवडून बघितला. वरून काळा, छान दिसत होता, खाली तांबडी भुकटी. एका ओरखड्यातून ओल आत शिरली आणि रंगाच्या खालून पसरत गेली, वरून पत्ताच नाही. शेजारी विळी होती, सासूबाईंच्या हातची, पन्नास वर्षांची. तिच्यावर गंजाचा ठिपका आला तर त्याच दिवशी दिसतो आणि त्याच दिवशी चिंचेने जातो.

मला इथे आपलं शास्त्र आठवलं. आपण भाजी का निवडतो उजेडात? पाणी का गाळतो, गहू का पाखडतो? बघून वापरायचं, हाच आपला यत्नाचार. सुरीच्या पात्यावर कालच्या आंब्याचा रस वाळून बसला आहे का, त्याला बारीक मुंगी चिकटली आहे का, हे चकचकीत पात्यावर एका नजरेत कळतं. काळ्या खरखरीत पात्यावर काळी मुंगी दिसेल का? तंबूतल्या उजेडात तर नाहीच नाही. थराने गंज थांबेल की नाही ते राहू दे, पण तो मळ आणि जीव दोन्ही लपवतो, हे नक्की. हा मुद्दा मी नातवाला सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता. त्याने बघितलेल्या कुठल्याही व्हिडिओत हे कोणी बोललं नव्हतं, आणि बोलणार तरी कशाला?

दुसरं, थराचे कण. रंग निघतो म्हणजे कुठे जातो? काही घासणीवर जातो, काही फळावर. तो नक्की कशाचा बनवला आहे हे खोक्यावर लिहिलेलं मला एकाही सुरीवर सापडलं नाही. ज्या घरात बाहेरच्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली जातात, त्या घरात हे कसं चालावं? आमच्या चौक्यात म्हणून थर दिलेलं काहीच वापरत नाही, ना तवा, ना सुरी. साधं स्टील, उकळत्या पाण्यातून काढलेलं. सूनबाईंनी हौसेने आणलेली गुलाबी सुरी रोजच्या ओट्यावर आहे, तिला मी कधी काही बोलले नाही. मावशी भांडी घासताना तिला तारेची घासणी लावतात आणि वर्षभरात तिचं अर्धं गुलाबीपण गेलं आहे. तिचा एक उपयोग मात्र कधी करू नका. वड्या पाडायला आपण सुरी गॅसवर तापवतो ना, तशी थराची सुरी तापवायची नाही. न चिकटणारा थर फार तापला की त्यातून निघणारा वायू चांगला नसतो. वड्यांना साधी सुरी घ्या, तूप लावा.

आता थोडा हिशेब. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण सवय गेली नाही. दुकानात काळी सुरी अठराशेची होती आणि तेवढीच उघडी स्टेनलेसची चौदाशेची. दुकानदार म्हणाला, काळीला काही करावं लागत नाही. म्हणजे चारशे रुपये आधी द्यायचे आणि पुढची मेहनत वाचवायची. पण थर ही घसारा लागणारी वस्तू आहे. पहिल्या दिवसापासून झिजते आणि घरी पुन्हा भरून येत नाही. शेवटी उरतं ते खालचं पोलाद, आणि ते जर साधंच असेल तर तीन वर्षांनी आपण अठराशे देऊन एक गंजकी सुरी सांभाळत बसतो. उघड्या सुरीला दर वेळी दोन मिनिटं आणि थेंबभर खोबरेल, एवढाच चालू खर्च. मी दुकानदाराला विचारलं, "काळ्याच्या आत कुठलं पोलाद आहे?" तो म्हणाला, "बेस्ट क्वालिटी." हे काही पोलादाचं नाव नाही.

एक मात्र नातवाचं खरं होतं. नाव स्टेनलेससारखं किंवा क्रोमियम भरपूर म्हणून निश्चिंत राहायचं नाही. डी२ म्हणून एक पोलाद असतं, त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम, तरी ते गंजतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि पापुद्रा करायला मोकळं उरत नाही. माझ्या मनात तेव्हा आलं की आपल्याकडेही असे लोक असतात, असो. आषाढातल्या पन्हाळ्याच्या धुक्यात कुठलंही पोलाद ओलंच राहणार. म्हणून सुरी काळी असो की उघडी, पुसून ठेवणं काही चुकत नाही.

मग त्याला विचारलं, तुझी सुरी काय काय करणार ते कागदावर लिही. त्याने लिहिलं : फळं, काकडी, पुडे फोडणं, दोरी, बँडेज. बस. लाकडं फोडणं नाही, कारण ओली फांदी तोडायची नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. वनस्पतिकायिक जीव आहेत ते, आणि उगाच झाडपाला तोडणं ही तर सरळ प्रमादचर्या. चकमकीने आग पाडणंही नाही. जाड पाठीच्या, जंगलात जगण्यासाठी म्हणून विकतात त्या काळ्या सुऱ्या याच दोन कामांसाठी केलेल्या असतात. गंमत म्हणजे चकमकीची काडी घासायलासुद्धा सुरीची पाठ उघडी आणि काटकोनी लागते. थर असला तर तिथला खरवडून काढावा लागतो, असं नातूच म्हणाला. जे काम करायचंच नाही त्याची सुरी घेऊन काय करायचं? पाच कामांना चार इंचांचं पातळ पातं पुरतं. दुकानात एक दहा इंची काळी सुरीही होती, ती त्याने हातात घेऊन बघितली. मी ती परत ठेवायला लावली. घरकामाची किंवा शेतीची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या नियमांमध्ये मोडतात, एवढं मला ठाऊक होतं. नसतं झेंगट कशाला?

घडीचा चाकू का नाही, असंही आमच्या ह्यांनी विचारलं. खिशात मावतो, दिसायलाही सौम्य. पण घडीच्या सांध्यात फळाचा रस जातो, तो धुतला तरी आत राहतो, मग मुंग्या. एकदा त्यांच्याच जुन्या चाकूच्या सांध्यातून मी टाचणीने काय काय काढलं होतं ते त्यांना आठवलं असावं, कारण पुढे ते काही बोलले नाहीत. पातं मुठीत बसवलेली सुरी एका पाण्यात स्वच्छ होते. घट्ट बसवलेल्या पात्याचा आपल्याला हा मोठा फायदा आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. काळं-उघडं या वादात आपल्या लक्षात राहत नाही, पण सुरी घेताना आपल्या घरात पात्याच्या आधी बाकीचं बघायला हवं. म्यान कशाचं आहे? चांगल्या म्हणवणाऱ्या निम्म्या सुऱ्यांचं म्यान चामड्याचं असतं. मूठ कशाची आहे? शिंगाची, हाडाची मूठ शोभेसाठी लावतात आणि लाकडासारखीच गुळगुळीत दिसते. आम्ही जी पहिली सुरी पसंत केली होती, उघडी, स्टेनलेस, सगळं मनासारखं, तिची मूठ हरणाच्या शिंगाची निघाली. नातवाने स्वतःच ती काउंटरवर ठेवली आणि हात मागे घेतला. मग कडक प्लॅस्टिकच्या म्यानाची, रबरी मुठीची मिळाली. प्लॅस्टिकच्या म्यानाचा आणखी एक गुण म्हणजे ते धुता येतं आणि वाळतं लवकर. चामडं ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत पात्याला गंज आणतं. म्हणजे अहिंसेसाठी जे टाळलं ते सुरीच्याही भल्याचं निघालं. धार लावल्यावर शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवायची पद्धत आहे, त्याऐवजी जुन्या जीन्सचा तुकडा पाटावर ताणून वापरतो. चालतं.

राहिला हिंसादानाचा प्रश्न. वाढदिवसाची भेट म्हणून सुरी द्यायला माझं मन घेईना. पैसे दिले काय आणि सुरी दिली काय, एकच. शेवटी असं ठरलं, की सुरी घराची. ओट्याच्या खणात राहील, रोजच्या कामाला लागेल, ट्रेकच्या वेळी तो घेऊन जाईल आणि आल्यावर परत खणात ठेवेल. होस्टेलवर न्यायची नाही. डोंगरावर कोणी मागितली तर सासूबाईंचा नियम : सुरी द्यायची नाही, फळ घ्यायचं आणि चिरून द्यायचं. ही पळवाट आहे का? नणंदबाई म्हणाल्या आहे. मला तसं वाटत नाही, पण त्यांच्याशी मी भांडलेही नाही. आपल्याकडे पंडितजी आले की विचारू, असं दोघींचं ठरलं आहे. सूनबाईंना एवढं पुरलं. खरं तर त्यांची भीती धर्माची नव्हतीच, पोराच्या बोटांची होती.

जुलैत तो जाऊन आला. सगळ्यांची काकडी आणि आंबे यानेच चिरले म्हणे, सुरी हातातून सोडायची नाही हा आजीचा हुकूम सांगून. तीन मुलांनी विचारलं की तुझ्या सुरीला कांदा का चालत नाही, तेव्हा त्याने जमीकंदाबद्दल त्याला येतं तेवढं सांगितलं. कितपत बरोबर सांगितलं देव जाणे, कंद आणि मुळं यात त्याचा नेहमी गोंधळ होतो. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत याचं खाणं उरकतं हे आता ग्रुपला पाठ झालं आहे, ते याच्यासाठी पोहे आधी करतात.

परत आल्यावर मीच सुरी बघितली. मुठीजवळ, जिथे पातं रबरात शिरतं तिथे, दोन तांबूस ठिपके होते, मोहरीएवढे. लिंबाची फोड आणि मीठ घेऊन बोटाने घासले, धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, खोबरेलाचं बोट फिरवलं. ठिपके गेले. काळी असती तर ते मला दिसलेच नसते. म्यान उलटं करून दिवसभर वाऱ्यावर ठेवलं, आतून पाण्याचे चार थेंब आणि गवताची एक काडी निघाली.

आता ती खणात आहे. कैरीचा हंगाम सरला, पण सूनबाई तिने दुधी भोपळा चिरतात आणि गुलाबी सुरी मागे पडली आहे, हे मी बघते आणि बोलत नाही. धार थोडी उतरली आहे. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला गेल्या आठवड्यात गल्लीत आला होता, मी नेमकी मंदिरात होते. कोणाच्या भागात येत असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा.